हा लाँगचा एक दिवस: तारे मोजू नका, पाण्यावरचे तास मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हनोईत तीन दिवस आहात आणि त्यातला शेवटचा दिवस हा लाँग बेच्या, म्हणजे व्हिएतनामच्या किनाऱ्यावरच्या चुनखडी बेटांच्या खाडीतल्या, बोटसफरीला द्यायचा विचार आहे. सोबत नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई, त्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो. गुहा आणि बेटं एका दिवसात नीट बघून होतात, की बोटीवर एक रात्र काढावी? सासूबाईंना झेपेल का? बोट लागली तर? चार ताऱ्यांची बोट घ्यावी की पाच? आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ: त्याच रात्री साडेअकराचं विमान आहे.

मी गेली बारा वर्षं टूर मॅनेजर म्हणून व्हिएतनामला गट घेऊन जाते. सुरुवात तुमच्या त्या शेवटच्या ओळीपासूनच करते, कारण घोळ तिथे आहे. हा लाँगहून परतीची गाडी हनोईच्या जुन्या भागात रात्री आठ-साडेआठला सोडते. कागदावर साडेअकराचं विमान मिळतं. प्रत्यक्षात बोट धक्क्याला अर्धा तास उशिरा लागते, शहरात शिरताना ट्रॅफिक असतो, हॉटेलात ठेवलेल्या बॅगा उचलायच्या असतात आणि नोई बाय विमानतळ शहराबाहेर, उत्तरेला. माझ्या एका गटातल्या जोडप्याने हट्टाने असंच केलं होतं. विमान मिळालं, पण दुपारी चारपासून त्या बाईंचं लक्ष डोंगरांवर नव्हतं, घड्याळावर होतं. तेव्हा हा लाँग मधल्या दिवशी घ्या आणि हनोई शहर शेवटच्या दिवशी. याचा आणखी एक फायदा आहे, हवामानाबद्दल सांगताना त्यावर येते.

आता मूळ मुद्दा. 'एका दिवसात होतं का' या प्रश्नाचं उत्तर बोटीच्या ताऱ्यांवर अवलंबून नाही, बोट किती तास पाण्यावर असते यावर आहे. हनोई ते हा लाँग १६० किलोमीटरच्या आसपास. २०१८ मध्ये हाय फाँगकडून हा लाँगला जाणारा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, तेव्हापासून हा प्रवास साडेतीन-चार तासांवरून अडीच तासांवर आला. एका दिवसाची सफर खऱ्या अर्थाने शक्य झाली ती या रस्त्यामुळे. आधी आम्ही लोकांना सरळ सांगायचो, रात्र काढणार नसाल तर जाऊ नका. आता सकाळी आठला निघालात, वाटेत अर्धा तास थांबलात (हा थांबा मोत्यांच्या किंवा हस्तकलेच्या दुकानातच असतो, स्वच्छतागृह वापरा आणि बिनधास्त रिकाम्या हाताने बाहेर या), तर बाराच्या आत बोटीवर चढता. चांगली बोट साडेपाच-सहाला परत धक्क्याला लागते. म्हणजे पाण्यावर साधारण सहा तास. तेवढे पुरतात.

पण सगळ्याच 'फुल डे' सफरी अशा नसतात. काही बोटी चारच तास फिरतात आणि बाकीचा दिवस गाडीत जातो, तरी जाहिरातीत दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून बुकिंग करताना एकच प्रश्न लेखी विचारा: बोट धक्क्यावरून किती वाजता सुटते आणि किती वाजता परत लागते? हॉटेलातून उचलण्याची वेळ सांगितली तर पुन्हा विचारा. डेकवरची घसरगुंडी, गरम पाण्याचा टब, परतताना केक आणि मोठ्या आवाजातलं संगीत, हे सगळं ताऱ्यांच्या हिशोबात येतं. मला स्वतःला त्या संगीताचा त्रास होतो, पण मुलं खूश असतात, त्यामुळे तो ज्याचा त्याचा प्रश्न.

रात्र काढावी का? हे तुमच्याकडे किती दिवस आहेत त्यावर ठरतं. एका रात्रीच्या सफरीत माणूस पहिल्या दिवशी दुपारी बोटीवर चढतो आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास उतरतो. ठिकाणं जवळपास तीच. जास्तीची मिळते ती संध्याकाळ आणि पहाट; दिवसाच्या बोटी परत गेल्या की खाडी एकदम शांत होते, ती शांतता खरंच वेगळी असते. पण तीन दिवसांतले दोन त्यात गेले तर हनोई राहून जाईल. मी तुमच्या जागी असते तर एका दिवसाचीच सफर घेतली असती. डिसेंबर तुमच्या बाजूने आहे तो असा: सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे परतीच्या वाटेवर सूर्यास्त डेकवरूनच दिसतो. जूनमध्ये तो साडेसहानंतर मावळतो, तोवर दिवसाची सफर घेतलेले लोक गाडीत बसून पेंगत असतात.

आता बोट नेमकी कुठे जाते ते. हा लाँग खाडीत पर्यटक बोटींना मार्ग ठरवून दिलेले आहेत. पहिला मार्ग किनाऱ्याजवळचा: थिएन कुंग आणि दाउ गो या गुहा आणि त्या फोटोतल्या दोन झुंजणाऱ्या कोंबड्यांसारख्या सुळक्यांचा परिसर. दुसरा थोडा आत: सुंग सोत गुहा, लुओन गुहा आणि ति टॉप बेट. चार तासांच्या बोटी बहुधा पहिल्यावर जातात, सहा तासांच्या दुसऱ्यावर. तुम्ही दुसरा घ्या. थिएन कुंग आतून मोठी आहे, पण तिथल्या रंगीत दिव्यांमुळे मला दर वेळी गणेशोत्सवातल्या देखाव्याची आठवण येते. सुंग सोतमध्येही दिवे आहेत, पण तिचा आकारच इतका की दिव्यांकडे लक्ष जात नाही.

दाउ गो मात्र चुकणार याची मला दर वेळी हुरहुर लागते, कारण तिची गोष्ट भारी आहे. नावाचा अर्थ 'लाकडी खुंटांची टोकं' असा काहीसा. १२८८ मध्ये मंगोल आरमार चालून आलं तेव्हा सेनापती त्रान हुंग दाओने जवळच्या बाख दांग नदीच्या तळात अणकुचीदार खुंट रोवले. भरतीच्या वेळी शत्रूला आत ओढलं, ओहोटी लागताच जहाजं त्या खुंटांवर अडकली. ते खुंट या गुहेत तयार करून ठेवले होते, असं तिथे सांगतात.

ही गोष्ट केवळ रंजक म्हणून सांगितली नाही, तुमच्या दिवसाशी तिचा संबंध आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. इथे टोंकिनच्या आखातात बहुतेक दिवस एकच भरती आणि एकच ओहोटी, आणि मोठ्या भरतीच्या दिवसांत पातळीतला फरक चार मीटरपर्यंत जाऊ शकतो. डोंगरांच्या पायथ्याशी नीट बघा, पाण्यालगत चुनखडक आत खरवडल्यासारखा दिसेल, जणू कोणी डोंगराचं तळ कुरतडलं आहे. ओहोटीला ती खाच पूर्ण उघडी पडते, भरतीला बुडते. आणि लुओन गुहा म्हणजे समुद्राच्या पातळीवरचा साठेक मीटर लांबीचा बोगदाच आहे. छत पाण्यापासून किती उंच, हे त्या वेळच्या पाण्यावर ठरतं. कधी लोक होडीत ताठ बसून आत जातात, तर कधी नावाडी मागून ओरडतो आणि सगळे माना खाली घालतात. बोगदा ओलांडला की चारही बाजूंनी उभे कडे आणि मध्ये हिरवं स्थिर पाणी. झाडांवर माकडं असतात, त्यांना खायला देऊ नका.

लुओनला आत जायला दोन पर्याय: बांबूची होडी, ती स्थानिक नावाडी वल्हवतात, किंवा कयाक, तो स्वतः वल्हवायचा. सासूबाईंसाठी बांबूची होडी. त्यात बसणं सोपं, चढणं कठीण. तरंगत्या फलाटावरून होडीत पाय टाकताना होडी हातभर बाजूला सरकते आणि नेमका दुखरा गुडघा आधी पुढे केलेला असतो. मी आजी-आजोबांना असं करायला सांगते: फलाटाच्या कडेला आधी बसा, चांगला पाय होडीच्या मधोमध टेकवा, हात नावाड्याच्या खांद्यावर ठेवा आणि मग अंग सरकवा. उभं राहून उडी मारल्यासारखं अजिबात नाही. नावाड्यांना हे रोजचं आहे, तुम्ही नुसता गुडघ्याकडे हात दाखवला तरी त्यांना कळतं.

सुंग सोत मात्र त्यांनी टाळावी. नीट का ते सांगते, कारण जाहिरातीत 'थोड्या पायऱ्या' असं लिहिलेलं असतं. ही बो होन बेटावरची गुहा. फ्रेंच लोकांनी १९०१ मध्ये ती जगापुढे आणली आणि तिला 'आश्चर्याची गुहा' असं नाव दिलं. सुंग सोतचा अर्थही तोच. तिचं तोंड समुद्रापासून २५ मीटर उंचीवर आहे, तिथवर झाडीतून दगडी पायऱ्या. पण खरी अडचण आत आहे. साधारण अर्धा किलोमीटरची वाट चढत-उतरत जाते, ठिकठिकाणी दगड ओला असतो आणि वाट एकाच दिशेची आहे. आत जायचा धक्का वेगळा, बाहेर पडायचा वेगळा. तुम्ही आत असताना बोट वळसा घालून दुसऱ्या धक्क्याला येते. म्हणजे मध्येच गुडघ्याने दगा दिला तर मागून येणाऱ्या गर्दीतून उलटं जाणं अवघड. एकदा एका काकांना दोघांनी धरून उरलेली वाट पार करून आणलं होतं. त्या दिवसानंतर 'बघू, जमेल तसं' हे उत्तर मी सुंग सोतच्या बाबतीत ऐकून घेत नाही. बोटीवरच ठरवायचं, जाणार की नाही.

तुम्ही तिघांनी जरूर जा. पहिलं दालन मध्यम आहे, तिथे लोकांना वाटतं झाली गुहा. मग एक अरुंद वाट येते आणि दुसरं दालन उघडतं, तिथे मुलांच्या तोंडून हमखास मोठ्याने काहीतरी निघतं. शाळेच्या भूगोलात वाचलेले लवणस्तंभ, वरून लोंबणारे आणि खालून उगवणारे दोन्ही, इथे घरांएवढे दिसतात. मुलाला आत जाण्याआधी एवढंच सांगा: पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, चुनखडी विरघळवत झिरपतं, आणि गुहेत थेंब लटकला की विरघळलेला चुना थोडा थोडा मागे सोडतं. बाहेर दिसणारी बेटंही त्याच खडकाची. कधीकाळी ती जमिनीवरची टेकडं होती, समुद्र चढला आणि मधल्या दऱ्या बुडाल्या. तुमची बोट चालते ती बुडालेल्या दऱ्यांमधून, हे ऐकलं की मुलं पाण्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

तोवर सासूबाई एकट्या बोटीवर काय करणार, हा अपराधीपणा सुनांना फार असतो. माझ्या गटातल्या साताऱ्याच्या एका आजींची गंमत सांगते. त्या सुंग सोतला बोटीवरच थांबल्या. आम्ही परत आलो तेव्हा त्या डेकवर मांडी घालून बसलेल्या, समोर बोटीवरची स्वयंपाकीणबाई पोमेलो, म्हणजे आपलं पपनस, सोलत होती आणि आजी फोडी मोजत होत्या, 'मोत, हाय, बा'. म्हणजे एक, दोन, तीन. मग दिवसभर त्या गटातल्या प्रत्येकाला 'हाय' म्हणजे दोन असं ऐकवत होत्या. बोट गुहेला वळसा घालते तेव्हा डेकवर गर्दी नसते, सगळे कडे जवळून दिसतात. खुर्ची सावलीत आहे ना आणि स्वच्छतागृहाला जायला जिना उतरावा लागत नाही ना, एवढं आधी बघून ठेवा.

ति टॉप बेटाचं त्या मानाने सोपं आहे. अवकाशात पृथ्वीप्रदक्षिणा करणारा दुसरा माणूस, सोव्हिएत अंतराळवीर घेरमान तितोव, १९६२ मध्ये हो चि मिन्ह यांच्यासोबत इथे आला होता, म्हणून बेटाला त्याचं नाव. पुळणीवर त्याचा पुतळाही आहे. माथ्यावर जायला चारशेहून जास्त पायऱ्या, आणि वरून खाडीचं ते पोस्टकार्डवरचं दृश्य. बोट इथे साधारण पाऊण-एक तास थांबते. एवढ्या वेळात चढणं आणि पोहणं दोन्ही होत नाही. डिसेंबरात पाणी गारच असतं, तेव्हा निर्णय आपोआप झाला. नवऱ्याने आणि मुलाने वर जावं, तुम्ही सासूबाईंसोबत पुळणीवर बसा. किंवा उलट, तुम्ही वर जा आणि त्यांना त्यांच्या मुलासोबत बसू द्या. हा दुसरा पर्याय बायकांना का सुचत नाही कोण जाणे.

बोट लागण्याची भीती सोडा. शेकडो बेटांनी लाटा अडवलेल्या असतात, आतलं पाणी बहुतेक दिवस तळ्यासारखं असतं. बारा वर्षांत माझ्या गटातल्या लोकांना हा लाँगला बोट लागली नाही म्हटलं तरी चालेल, गाडी मात्र भरपूर वेळा लागली. परतीच्या अडीच तासांत, अंधारात, पोट भरलेलं असताना. गोळी घ्यायची तर परतीच्या गाडीत बसण्याआधी घ्या आणि मुलाला ड्रायव्हरच्या लगेच मागच्या रांगेत बसवा.

हवामानाचं मात्र गांभीर्याने घ्या. डिसेंबर सहसा कोरडा आणि स्वच्छ असतो; गार वारा असतो, डेकवर जॅकेट लागतंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये रिमझिम आणि धुकं इतकं की समोरचं बेट दिसत नाही. जून ते सप्टेंबर वादळांचे महिने. सप्टेंबर २०२४ मध्ये यागी वादळाने या किनाऱ्याला झोडपलं, आणि जुलै २०२५ मध्ये दुपारी अचानक आलेल्या वादळी पावसात एक पर्यटक बोट उलटून ३५हून जास्त माणसं गेली. तुमचा महिना तो नाही. तरीही बोटीवर चढल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लाइफ जॅकेट कुठे आहेत आणि बंद केबिनमधून बाहेर पडायची दारं कुठली, हे बघायची सवय ठेवा. मुलाच्या मापाचं जॅकेट मागून आधीच घालून बघा.

बोटी सोडायच्या की नाही हे बंदर प्रशासन ठरवतं, कंपनी नाही. हिवाळ्यातही जोराचा वारा सुटला तर परवानगी थांबते. एकदा आमचा गट धक्क्यापर्यंत पोहोचला आणि तिथे कळलं की आज बोटी बंद. त्या कंपनीने पैसे परत द्यायला तीन आठवडे घोळ घातला, कारण रद्द झाल्यास काय हे लेखी घेतलं नव्हतं. चूक माझीच. तुम्ही ते ईमेलवर घ्या. आणि हा लाँग मधल्या दिवशी घ्या म्हटलं ते यासाठीही: सफर रद्द झाली तर दुसरा दिवस हाताशी राहतो.

बाकीचं भराभर. बोटीवरचं जेवण मासे, कोळंबी, माखुल यांचं असतं. सासूबाई शाकाहारी असतील तर बुकिंग करतानाच 'चाय' लिहा. तिकडे चाय म्हणजे शाकाहारी, आणि सोबत माशांचा सॉस म्हणजे 'नुओक माम' नको असंही लिहा, तो भाजीतही पडतो. खाडीत २०१९पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकला बंदी आहे, पाण्याच्या स्वतःच्या बाटल्या न्या. बोटीवरची पेयं बहुधा सफरीच्या पैशांत नसतात, बिल शेवटी येतं. ते देताना नोटा उजेडात बघा: २० हजार डाँग आणि ५ लाख डाँग दोन्ही निळसर, आणि संध्याकाळच्या अंधुक दिव्यात पंचवीसपट टिप देऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत.

राहिला मुलाचा कयाकचा हट्ट. दोन जणांच्या कयाकमध्ये त्याला पुढे बसवा, वडील मागे, कारण दिशा मागच्याच्या हातात असते. जॅकेटचे सगळे पट्टे लावलेले आणि मोबाइल बोटीवर ठेवलेला. लुओनच्या बोगद्यात मात्र पाणी वर असेल तर बांबूची होडीच बरी. तुमची नक्की तारीख कळवा, त्या दिवशीची भरतीची वेळ बघून कुठलं घ्यायचं ते सांगते.